चार आवाजांची भाषा

कुऱ्हा गाव मागे पडलं, कौंडण्यपूरचा रस्ता सरळ झाला, तसे देवीदासभाऊ बोलू लागले. मी दर कार्तिकात रुक्मिणीमातेला पायी जाते. यंदा शेजारचे हे देवीदासभाऊही सोबत निघाले. संत्र्याची बाग कसणारा माणूस, तसा अबोल. पण त्यांनी बायकोसाठी एक भाषाच बनवली, असं गल्लीत ऐकलं होतं. मला राहवेना.

"भाऊ, भाषा अशी बनवता येते का हो?"

"बनवाच लागली, ताई."

पार्बतावहिनींना लकवा झाला तेव्हापासून त्यांना समजतं सगळं, पण तोंडातून चारच आवाज निघतात. पा, मा, बू आणि आ. भाऊंनी आधी पा म्हणजे पाणी ठरवलं, मा म्हणजे चहा.

"अर्धे आवाज तिथंच संपले ना! जेवन राह्यलं, दुखनं राह्यलं. मंग म्या पाहत बसलो, हे दिवसभर मांगते काय."

मग एकेका शब्दात जास्त काही मावायला हवं, असं त्यांच्या ध्यानात आलं. पा म्हणजे पोटात जाईल ते सगळं. मा म्हणजे माणूस. बू म्हणजे दुखरं, नकोसं.

"अन् औषध?"

"पा-बू! कडू असते ना. ते तिनंच जोडलं, म्या नाई सांगतलं."

"मग मा-बू?"

"कोन असन? मी!" भाऊ रस्त्यातच थांबून हसले.

आ मात्र त्यांनी देवासाठी राखून ठेवला होता. सगळ्यात सोपा आवाज, नुसतं तोंड उघडलं की निघतो. पण वहिनी देवघरासमोर गप्पच बसायच्या. भाऊ बागेत निघाले की दारातून म्हणायच्या, आ. म्हणजे ये, लवकर ये.

"राग आला असेल तुम्हाला."

"आला ना. चार दिस म्या ओ नाई देल्ली. मंग वाटलं, बोलनारी ते हाये. मी कोन ठरवनारा?"

मातेला तरी आपण दुसरं काय म्हणतो, असं माझ्या मनात आलं.

नदी दिसू लागली तसे भाऊ हळू चालू लागले. सोमवारी नागपुरात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. त्यासाठी घरी त्यांची मेव्हणी येऊन राहिली आहे.

"साळी खाऊपिऊ घालन, त्याची चिंता नाई. पन पार्बता आ म्हनली का साळी पानी आनून देते. काल तं रडली बिचारी." त्यांनी चप्पल काढून हातात घेतली. देऊळ जवळ आलं होतं. "ताई, मी नागपूरहून येईपर्यंत सांजच्याले तिच्यापाशी बसान का? तिनं आ म्हटलं का नुसतं जवळ जा. अन् मा-बू म्हनली तं रागवू नोका, मी नसलो का ते तुमालेच म्हनन."