हॅम्बुर्गच्या दाराला भांडुपचं कुलूप

माझ्या आतेभावाइतकी जगाची काळजी वाहणारा माणूस मुलुंडात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर मुलुंडला झेपला नसता! भांडुपच्या कुलपांच्या कारखान्यात तो खोकी बांधून घ्यायच्या कामावर होता, पण बोलायचा असं की सगळं जग याच्या खोक्यांसाठी खोळंबलंय. माल जर्मनीला जाणार अशी नुसती कुणकुण लागली, तर पठ्ठ्या ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हात मफलर गुंडाळून फिरायला लागला. मी म्हटलं, "अरे, घामाघूम झालायस, काढ ते!" तर म्हणे, "गिऱ्हाईक तिकडे कुडकुडतंय आणि आपण उघड्या गळ्याने हिंडायचं? बरं दिसत नाही रे!" दूधवाल्या भैयालाही तो हॅम्बुर्गचा रस्ता समजावून सांगायचा.

मग एक दिवस खरंच हॅम्बुर्गचा साहेब आला. दुपारी यंत्रं बघून ऑर्डर पक्की करायची आणि संध्याकाळी विमान गाठायचं, असा त्याचा बेत. ऑर्डर मिळाली तर आतेभावाला मुकादम करायचं मालकांनी कबूल केलं होतं. आसपास धड हॉटेल नाही, म्हणून साहेबाला जेवायला यानेच घरी आणलं. इंग्रजी बोलायला मी होतोच. वहिनींनी पुरणपोळ्यांचा घाट घातला होता.

आता गंमत बघा. पानातलं सगळं संपवणं ही साहेबाची रीत, आणि रिकामं पान दिसलं की वाढणं ही आमची! तो संपवतोय, वहिनी वाढतायत, वर तुपाची धार. साहेब लालबुंद झाला, टाय सैल केला, पण टाकीना. "भावोजी, किती आवडलीय हो त्यांना!" वहिनी हरखून म्हणाल्या. मी आतेभावाला खुणावलं, तर म्हणतो, "गप रे! आग्रह कमी पडला असं जर्मनीत कळायला नको."

शेवटी साहेब पाटावरून उठला तो थेट चटईवर आडवा! असा घोरायला लागला की शेजारी चौकशीला आले. पाहुण्याला झोपेतून उठवायचं कसं, म्हणून कुणीच उठवेना. तो जागा झाला तेव्हा विमान गाठण्यापुरताच वेळ उरला होता.

ऑर्डर दुसरीकडे गेली. मालक नाही नाही ते बोलले, मुकादमी बुडाली. मला फार वाईट वाटलं. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नसे तो माझा आतेभाऊ घरी येऊन वहिनींना म्हणाला, "मिळाली ऑर्डर! तुझ्या पोळ्यांनी काम केलं बघ. मुकादमी मीच नको म्हटलं, फार दगदग असते."

पुढे कितीतरी वर्षांनी मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. पुरण वाटता वाटता वहिनींनी विचारलं, "अहो, त्या साहेबाच्या गावात आपली कुलपं अजून असतील ना?"

"असतील म्हणजे? दारोदार लागलीयत!" तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता उठून पाणी प्यायला आत गेला.