अप्पांची बसायची गाडी

दर रविवारी सकाळी अप्पा आपल्या जुन्या अमेरिकी गाडीचा टप उघडायचे, डाव्या बाजूच्या स्टीअरिंगमागे बसायचे आणि कुठेही जायचे नाहीत. "अप्पा, कुठे निघालात?" असं विचारणाऱ्याला उत्तर ठरलेलं: "गाडीत बसलोय. जायला रिक्षा आहे."

गाडी वडिलांनी कुठल्याशा संस्थानिकाकडून घेतलेली. पुण्यात तशी दुसरी नाही, हे अप्पा न विचारता सांगत. लांबलचक बॉनेट, चार दारं. पुढचं आणि मागचं दार कपाटासारखं मधोमध उघडणारं. टप घडी होऊन डिकीत गेला की तिथे पिशवीसुद्धा मावत नसे. मंडईची भाजी कुठे ठेवायची, असं मी एकदा विचारलं. अप्पा म्हणाले, "ज्याचं सामान मागच्या गाडीतून येतं, त्याच्यासाठी हे डिझाइन आहे. तुम्ही पिशवी हातात धरा."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. जुनी इमारत पाडून नवी बांधायला सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, अप्पांची सोडून. नव्या यांत्रिक पार्किंगमध्ये गाडी मावत नव्हती. सभेत बिल्डरचा माणूस समजावू लागला, "सर, गाडी लांबीला जास्त होतेय."

"मग इमारत वाढवा. गाडीचं डिझाइन झालेलं आहे, इमारतीचं व्हायचंय."

तिसऱ्या मजल्यावरच्या लिमयेकाकूंना आम्ही खुर्चीसकट उचलून सभेला आणलं होतं. गुडघ्यांमुळे त्यांचं खाली उतरणंच बंद झालेलं. नव्या इमारतीतल्या लिफ्टवर त्यांची सगळी भिस्त. त्या म्हणाल्या, "अप्पा, टप वर असताना डिकीत जागा होते ना? माझे गुडघे ठेवा तिथे."

अप्पा सही न करताच उठले आणि गाडीत जाऊन बसले.

पुढच्या रविवारी त्यांनी काकूंना खाली आणवलं आणि मागचं दार स्वतः उघडून धरलं. ते उलटं उघडत असल्यामुळे काकू नुसत्या पाठ फिरवून अलगद टेकल्या. "एक फेरी मारू," अप्पा म्हणाले. गाडी अर्थातच सुरू झाली नाही. मग वर्षभर अप्पांच्या नावाने बोटं मोडणारे आम्ही सगळे घाम गाळत ती इमारतीभोवती ढकलू लागलो. "हळू! हिला घाई शोभत नाही," पुढून सूचना.

फेरी झाल्यावर अप्पांनी सही केली. कागद बॉनेटवर ठेवू दिला नाही, ओरखडा पडेल म्हणून. माझी पाठ चालली.

गाडी लग्नांना गाड्या भाड्याने देणारा मुंबईचा एकजण विकत घेऊन गेला. "रोज नवा नवरदेव. हाल आहेत तिचे," एवढंच अप्पा म्हणाले. घरांचा ताबा मिळायच्या आत ते गेले.

काकू आता रोज खाली येतात. परवा विचारलं, "काय काकू, लिफ्ट बरी आहे ना?"

"उतरवते हो," त्या म्हणाल्या. "पण दार कोणी धरत नाही."