मामंजींना हुकूम

लुआंग्वा नदीचं पाणी ओसरलं की काठावर गवताच्या झोपड्या उभ्या राहतात आणि पावसाआधी मोडल्या जातात. हत्ती-सिंह बघायला आलेले पाहुणे तिथे उतरतात. पायी फेरीला निघताना पुढे बंदूकवाला, मागे वाटाड्या, मग पाहुणे आणि सगळ्यांत शेवटी चहाची टोपली. नऊ मोसम ती टोपली मायलेसीच्या डोक्यावर होती. तिला आता वाटाड्याच्या जागी चालायचं होतं.

लेखी परीक्षा तिने पहिल्या फटक्यात मारली. लेंड्यांवरून जनावर, पिसावरून पक्षी, सगळं तोंडपाठ! घोडं अडलं ते चालण्याच्या परीक्षेत. वाटाड्याने बंदूकवाल्याला हुकूम सोडायचा असतो, आणि कॅम्पचा एकुलता एक बंदूकवाला म्हणजे सकाला न्गोमा, तिचा सासरा. आमच्याकडे सून सासऱ्याशी गुडघे टेकून, नजर खाली घालूनच बोलते. गेल्या वर्षी झुडपातून हत्तीण निघाली, तर ही बया परीक्षकांसमक्ष गुडघ्यांवर बसली, रीतीप्रमाणे मानाच्या टाळ्या हळूच वाजवल्या आणि म्हणाली, "मामंजी, मर्जी असेल तर थांबावं." हत्तीण भली म्हणून निघून गेली. मायलेसी नापास झाली.

यंदा ती रोज सकाळी नदीवर जाऊन पाणघोड्यांना हुकूम सोडायची. पाणघोडे ढिम्म.

"काय गं, यंदा गुडघ्यांना उशी बांधून देऊ का?" आचारी लाझारो चिडवायचा.

"तुझी मक्याच्या पिठाची न्शिमा करपतेय, तिकडे बघ आधी!"

हुकमाने मामंजी दुखावले तर घरात तोंड कसं दाखवायचं, ही धास्ती होतीच. पण पुन्हा टोपली उचलायची नाही, एवढं तिने ठरवून टाकलं होतं.

परीक्षेच्या दिवशी कोरड्या ओढ्याच्या वळणावर एकटा म्हातारा रेडा उभा होता, रानटी, वीस पावलांवर. वारा यांच्याकडून त्याच्याकडे. सकालाने बंदूक उचलली आणि मागे वळून सुनेकडे पाहिलं. मायलेसीचे गुडघे सवयीने वाकू लागले. तिने ते ताठ केले आणि आयुष्यात प्रथमच सासऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"थांब," ती दबक्या पण ठाम आवाजात म्हणाली. "गोळी झाडू नकोस. मागे ये. सावकाश."

सकाला एकेक पाऊल मागे आला. तिने सगळ्यांना मोठ्या चिंचेच्या बुंध्याआड नेलं. रेडा फुरफुरला आणि नदीकडे निघून गेला.

चिंचेखालीच चहाची टोपली उघडली. परीक्षक चिलेशे वही मिटून म्हणाले, "पास झालीस, बाई. एकच राहिलं. चहालाही बंदूकवाला तुझ्याच हुकमाने बसतो."

"म्हणून तर उभा आहे," सकाला म्हणाला.

मायलेसी चटकन गुडघे टेकायला गेली. "मामंजी, माफ करा, बसावं आपण..."

"उभी राहा, पोरी. असं नाही. मघासारखं सांग."

तिचे डोळे भरून आले, पण ती उभी राहिली.

"बस," ती म्हणाली.

म्हातारा बसला, आणि चहाचा पहिला कप त्याने दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.