दाजींची दमलेली गाडी

दाजींच्या हातात कायम काठी असायची, पण ती कुणाच्या पाठीवर पडलेली मी कधी पाहिली नाही. ती होती हनुवटी टेकवायला. मेंढरं पुढं चरत असायची, दाजी काठीवर हनुवटी ठेवून उभे, आणि एखादं मेंढरू मागं राहिलं की अख्खा कळप थांबवून त्याची वाट बघायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडं आले तेव्हा बसस्टँडवरून घरी पोचायला त्यांनी एवढा वेळ लावला, की जावई रुसून परत गेला असं वडिलांना वाटलं. दाजी वाटेत एका लंगडणाऱ्या शेळीजवळ बसून होते. शेळी आमची नव्हती आणि त्यांचीही नव्हती.

"दम खाऊ द्या" हे त्यांचं पालुपद. व्यायलेली शेळी असो, उन्हातून आलेला पोस्टमन असो, नाहीतर जेवून उठलेला पाहुणा, सगळ्यांना औषध एकच. मोबाईल अडकला की आम्ही तो तळहातावर आपटायचो. दाजी तो आमच्या हातून काढून घ्यायचे आणि देवळीत पालथा घालून ठेवायचे. "दम खाऊ द्या की त्याला, पाव्हणं. सकाळपास्नं बडबडतोय." थोड्या वेळानं तो खरंच चालू व्हायचा आणि मग दाजींचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

अक्का त्यांच्या अगदी उलट. तिला चालणं म्हणजे पळणंच माहीत. दोघं शेतातून एकदम निघायची, अक्का घरी येऊन चूल पेटवून भाकरीला बसायची, तेव्हा दाजी अजून ओढ्यापाशी असायचे. "तुमच्या मागं चालता चालता म्हातारी व्हईन मी," ती म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळं असेल, एकमेकांना चिडवण्यातच दोघांचा वेळ जायचा आणि बघणाऱ्यालाही बरं वाटायचं.

चाळिशी ओलांडल्यावर अक्काला धाप लागायला लागली. आधी चढावर, मग अंगणात, मग बसल्या जागी. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप आवळत चाललीय. गोळ्या सुरू झाल्या, महिन्याच्या महिन्याला दाखवायला जायचं ठरलं. त्यांचं गाव घाटाच्या पायथ्याला. धारूरचा घाट चढून पलीकडं अंबाजोगाईला जायचं, तेही एसटीत जागा मिळाली तर. एकदा ती उभ्यानंच चक्कर येऊन पडली. त्या आठवड्यात दाजींनी वाडवडिलांपासून चालत आलेला कळप विकला, दोन शेळ्या तेवढ्या दावणीला ठेवल्या, आणि बीडहून एक जुनी पांढरी एसयूव्ही दारात आणून उभी केली. आमच्या भागात असली गाडी पुढाऱ्याच्या दारात असते. गावातली माणसं ओट्यावर येऊन विचारून गेली, "काय मालक, इलेक्शनला उभं ऱ्हानार हाय का काय?"

दाजी पन्नाशीत गाडी शिकले. मागच्या सीटवर अक्कासाठी गोधडी घातली, उशी ठेवली. सगळं छान होतं, फक्त गाडीला पिकअप नव्हता. ॲक्सिलरेटर दाबला की ती जागची हलायची नाही. जरा वेळानं, आपल्याला कुणीतरी काहीतरी सांगितलंय हे तिच्या लक्षात यायचं, मग ती हुंकार द्यायची आणि निघायची. घाटात तर विचारायलाच नको. उसानं भरलेले ट्रॅक्टर मागं येऊन हॉर्न वाजवायचे. दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल ओलांडून जायची, आणि वर चालवणारा आत वाकून बघायचा, की ढकलायला माणूस हवाय का.

दाजींना याचं काही वाटत नव्हतं. "दुसऱ्याच्या दारात लई राबलीय ती," ते म्हणायचे. "दमलीय." समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की दुसरा माणूस फिटरकडं जाईल. दाजींनी त्याचा अर्थ असा लावला होता, की गाडी थांबायला सांगतेय. ते घाटातल्या एका वडाखाली गाडी लावायचे, बॉनेट उघडायचे आणि चक्क ओलं पोतं आणून त्यावर टाकायचे. आतून अक्का हसायची. "आवो, जनावर हाय का ते?" "मंग काय हाय?" दाजी म्हणायचे. त्यांना खरोखर दुसरं काही सुचत नसावं.

मीच बळंबळं त्यांना बीडच्या एका फिटरकडं नेलं. त्यानं आतली काजळी काढून दाखवली. "मालक, लई जपून चालवता तुमी. हळू चालवून चालवूनच ही बसलीय. आज साफ करून देतो, पन मोठ्या रस्त्याला जरा ताणत जावा. पळवल्याबिगर मोकळी व्हनार न्हाई." चार दिवस गाडी चांगली चालली. दाजींनी ती पुन्हा तशीच चालवली आणि पुन्हा तिचं ये रे माझ्या मागल्या. मी चिडलो तर म्हणाले, "दमलेल्याला पळवायचं? त्यो फिटर हाय, पाव्हणं. त्येनं कधी जित्राब राखलंय का?"

नारायणगडाच्या जत्रेला जायचं अक्काच्या फार मनात होतं. "न्या की एकदा. आन् जाताना काच खाली करून जरा पळवा. केसात वारं घुसलं पायजे," ती म्हणाली. दाजींनी नेलं. मीही बरोबर होतो. पिवळा दिवा लागेल तिथं आम्ही थांबलो आणि गडावर पोचलो तेव्हा जत्रा पांगली होती, महाप्रसादाची भांडी घासायला पडली होती. अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. आम्ही लिंबाखाली बसून तिनं बांधून आणलेली भाकरी-चटणी खाल्ली. येताना ती खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत बसली. वारं काही तिच्या केसात घुसलं नाही.

त्यानंतरच्या खेपेला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्यांनी आता भागणार नाही. लातूरला ऑपरेशन करून झडप मोकळी करून घ्या, आणि शरीर साथ देतंय तोवर घ्या. सरकारी योजनेतून होत होतं, पैशाची अडचण नव्हती. अडचण दाजींची होती. "आंगात काय उरलंय तिच्या? कमजोर मेंढरू कुनी घाटातनं चालवतं का? आदी सावलीला ठिवत्यात, चारापानी करत्यात, मंग चालवत्यात. पावसाळा व्हऊ द्या. जरा दम खाऊ द्या तिला."

आणि त्यांनी मनापासून तिला सावलीला ठेवलं. तिला काडी उचलू दिली नाही. शेळीचं दूध, खजूर, वेळच्या वेळी गोळी. पाणी भरलं, लुगडी धुतली, भाकरी थापायलासुद्धा शिकले. "तुमची भाकरी व्हईस्तोवर भूक मरती माझी," अक्का बाजेवरून ओरडायची. पण एकदा दाजी शेळ्यांना पाणी दाखवायला गेलेले बघून ती मला म्हणाली, "भाऊ, तूच सांग की त्यान्ला. मला मरायचं भ्या न्हाई रे. ह्या बाजंवर बसून ऱ्हायचं भ्या वाटतं."

मी सांगितलं. सांगितलं म्हणजे भांडलो, आवाज चढवला, माझी बहीण आहे असंही म्हणालो. दाजींनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाले, "पावसाळा झाला की जाऊ. नक्की जाऊ." दसऱ्यानंतरची तारीख घेतली.

अक्का भादव्यातच गेली. दुपारची जेवून बाजेवर पडली होती. दाजी लिंबाखाली बसून दोन्ही शेळ्यांना आवाज करू देत नव्हते. शेजारची बाई ताक मागायला आली, तर ओठांवर बोट ठेवून तिला परत पाठवलं. "दम खाऊ दे तिला. लई दिसानं झोप लागलीय." ऊन कललं, बाजेवर आलं, तेव्हा दाजी बाज सावलीला ओढायला उठले आणि तिचा हात खाली लोंबला.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. दहावा, तेरावा केला, पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. इतक्या मायेच्या माणसावर इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. संक्रांतीनंतर त्यांचा फोन आला. गाडी विकायचीय, एकट्यानं बीडला न्यायचा धीर होत नाही. मी गेलो. स्टिअरिंगवर मीच बसलो, दाजी शेजारी. मागची गोधडी तशीच होती.

बीडच्या अलीकडं मोठा रस्ता लागला आणि माझा सगळा राग पायात उतरला. मी ॲक्सिलरेटर पार तळाला नेला. गाडी घुटमळली, थरथरली, मागून काळ्या धुराचे लोट निघाले. पिवळा दिवा लागला. "पाव्हणं, दिवा," दाजी म्हणाले. मी पाय उचलला नाही. आणि मग ती सुटली. उघड्या काचेतल्या वाऱ्यानं गोधडीचा पदर फडफडायला लागला, शेतं मागं पळायला लागली. दाजींनी दरवाज्याची मूठ घट्ट धरली होती. समोरचा रस्ता बघता बघता ते म्हणाले, "थांबवा."

मी कडेला घेतली. ते खाली उतरले नाहीत. "पळती की वो ही," ते म्हणाले. "पळत व्हती. मीच न्हाई पळू दिली." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "तुमी भांडला तवाच नेलं आस्तं तर वाचली आस्ती का?"

या प्रश्नाचं उत्तर मी कित्येक महिने घोटून ठेवलं होतं. हो, दाजी, वाचली असती, असं तोंडावर म्हणायचं होतं मला. पण ती काठीची सवय असलेली हनुवटी आता नुसती हलत होती, टेकायला काही नव्हतं, आणि माझ्या तोंडून भलतंच आलं. "नाही, दाजी. मी नंतर डॉक्टरांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, ऑपरेशन केलं असतं तरी भरवसा नव्हता."

मी डॉक्टरांना भेटलोच नव्हतो.

"खोटं हाय," दाजी म्हणाले. बाजूनं एक ट्रक गेला. तो पार दिसेनासा झाल्यावर ते म्हणाले, "पन आनखी एकदा म्हना."

मी आणखी एकदा म्हणालो. मग आम्ही बीडला गेलो. व्यापाऱ्यानं चक्कर मारून बघितली आणि पिकअप झकास आहे म्हणाला. दाजी दुसरीकडं बघत उभे राहिले.

पुढं मी महिन्यातून एकदा तरी त्यांच्याकडं जायला लागलो. ते भाकरी थापायचे, मी चुलीपाशी बसायचो. जेवणं झाली की ते विचारायचे, "काय म्हनालं मंग डाक्टर?" आणि मी सांगायचो. कधी त्यात एखादं वाक्य वाढवायचो, डॉक्टरांनी कसं कागद पुढ्यात घेऊन समजावलं, कसा चष्मा काढला. दाजी मान हलवत ऐकायचे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले, त्याच्या आदल्या आठवड्यातही मी ते सगळं पहिल्यापासून सांगितलं. इतक्या वेळा सांगून शेवटी मला ते खरंच वाटायला लागलं होतं. दाजींना ते एकदाही खरं वाटलं नाही.