कांबळ्याची नाडी

आमच्या क्वार्टर्सच्या किराणा दुकानात मावशीबद्दल जे बोललं जातं ते असं, की तिने विमानात एका जिवंत पोराच्या हातावरचा पट्टा ओढून काढला आणि पोरगं जागच्या जागी गेलं. ही बातमी मुख्यतः शिट्टीकाकू पुरवतात. काकूंच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, त्यामुळे त्यांचा एकेक स शिट्टी मारतच बाहेर पडतो. "साधीसुधी नाही बरं का सिस्टर! सव्वीस वर्षं सर्व्हिस! पण नव्या मशीनचा राग. सगळ्यांना सांगत होती म्हणे, बघाच, बंद पडतं की नाही. आणि शेवटी स्वतःच पाडलं की हो बंद!" एवढं बोलून काकू साबणाची वडी नाकाला लावतात, जणू आपण काही बोललोच नाही.

यातलं एवढंच खरं की पट्टा मावशीने ओढला. पोरगं त्याआधीच गेलं होतं. किती आधी, ते कुणालाच सांगता येत नाही, आणि मावशीचं सगळं दुखणं त्या 'किती'तच आहे.

मावशी फौजेच्या मालवाहू विमानावर सिस्टर होती. विमान चार पंख्यांचं, राखाडी, पोट सुटलेलं. सगळे त्याला ढब्बू म्हणत. ढब्बू सकाळी पुढच्या तळावर पिठाची पोती, टायर आणि पत्रे घेऊन जायचा आणि परतताना पोटातल्या त्याच जमिनीवर स्ट्रेचर ठोकून आजारी, जखमी माणसं आणायचा. माल बांधणारा जो हवालदार होता त्याला वजनकाटा असं नाव पडलं होतं, कारण नुसतं बघून तो किलो सांगायचा. "सिस्टर, या महिन्यात दीड किलोने उतरलात. घरी भांडण, की पोट बिघडलं?"

ढब्बूच्या पोटात आवाज असा, की शेजारचा माणूस जिवाच्या आकांताने ओरडला तरी फक्त त्याचे दात दिसायचे. स्टेथोस्कोप तिथे नुसता गळ्यातला दागिना. म्हणून तिथली माणसं ओठ वाचतात, हातवाऱ्यांनी बोलतात आणि रोग्याच्या मानेवर दोन बोटं ठेवून नाडी बघतात.

मावशीचे कान सहा वर्षांपूर्वी गेले. पूर्ण नाही, बारीक, वरचे आवाज गेले. बेल, किणकिण, लहान मुलांचं बोलणं. शिट्टीकाकूंची निम्मी चहाडी तर तिला ऐकूच येत नाही, एवढाच काय तो फायदा. पण ढब्बूत सगळेच बहिरे. तिथे एकटीचं बहिरेपण कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. दर वर्षी कानांची तपासणी व्हायची. काचेपलीकडे बसलेला कंपाउंडर आवाज सोडताना नकळत डावी भुवई उचलायचा. भुवई वर गेली की मावशी आपल्या हातातलं बटण दाबायची. पैकीच्या पैकी मार्क! त्या बिचाऱ्याला आपल्या भुवईचा पत्ताच नव्हता.

खोटेपणा होता तो. ती नाही म्हणत नाही. पण खाली जमिनीवर लोक पाठ फिरवून बोलतात, तोंडात घास ठेवून बोलतात, दुसऱ्या खोलीतून हाका मारतात. सगळ्यांच्या बरोबरीची ती फक्त ढब्बूत होती.

कानांचं काम तिने तळपायांना दिलं होतं. सरकारी बूट जाड, म्हणून ती पातळ तळाचे कापडी बूट घालायची आणि दर महिन्याला त्यावरून बोलणी खायची. ढब्बूचे चार पंखे एकमेकांशी नीट जुळलेले नसले, एखादा किंचित पुढे पळाला, की अख्खं विमान संथपणे धडधडतं. वँव. वँव. वँव. ते जमिनीतून घोट्यांपर्यंत चढतं. वैमानिकाने पंखे जुळवले की थांबतं, त्याचं लक्ष उडालं की पुन्हा सुरू. मावशीला ते पाठ होतं.

मग पट्टे आले. मनगटावर बांधायचे, आतून हिरवा उजेड टाकणारे. नाडी पकडायची आणि आकडा डॉक्टरच्या टॅबवर धाडायचा. पट्ट्यांबरोबर एक इंजिनिअर आला, ज्याला दुसऱ्याच दिवशी शंभरटक्के हे नाव मिळालं. "ट्रकमध्ये तपासलेत, पळताना तपासलेत, याच विमानात तपासलेत. शंभर टक्के! बोटं ठेवायचा जमाना गेला, मॅडम." आणि खरंच तपासले होते, शंभर धडधाकट, खाऊनपिऊन तुकतुकीत जवानांवर. ज्याच्या हातात रक्तच उतरत नाही अशा माणसावर कुणी तपासले नव्हते.

त्या दुपारी चार स्ट्रेचर होते, उलटलेल्या ट्रकखाली सापडलेली चार पोरं. तिसऱ्यावरचं सगळ्यांत लहान, मिसरूडही धड न फुटलेलं. त्याच्या पोटात आतल्या आत रक्त वाहत असावं, असा डॉक्टरला संशय. डॉक्टरही तरुण, तीन महिन्यांचा. 'म्हणजे बघा'शिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे. टॅबवर तिसऱ्याचा आकडा एकशे अडतीस, लाल. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, सलाइनची बाटली बदलली. आकडा थोडा वेळ नाहीसाच झाला, मग उमटला. बहात्तर. हिरवा.

डॉक्टरने टॅब मावशीपुढे धरला. ओठ हलले. म्हणजे बघा, लागू पडलं!

मावशीलाही बरं वाटलं. ही गोष्ट सांगताना ती हे वाक्य कधी गाळत नाही. तिला बरं वाटलं, आणि ती पाणी प्यायली. पहिल्याची उशी सरळ केली. चौथ्याला ओकारी आली, त्याचं तोंड पुसलं. परत येऊन टॅब बघितला. बहात्तर. थोड्या वेळाने पुन्हा बघितला. बहात्तरच. जिवंत माणसाची नाडी अशी एका जागी बसत नाही. ती एकाहत्तर होते, पंचाहत्तर होते, श्वासागणिक इकडेतिकडे करते. आणि त्याच क्षणी तिला तळपायांत जाणवलं. वँव. वँव. ती घड्याळाकडे बघत मोजू लागली. मिनिटाला बहात्तर.

पट्ट्याला पोराची नाडी सापडेनाशी झाली होती, म्हणून त्याने जी धडधड मिळाली ती धरली होती. ढब्बूची.

तिने मानेवर बोटं ठेवली. काही नाही. ती छाती दाबायला वाकली तर डॉक्टरने तिचा हात धरला आणि टॅबकडे बोट दाखवलं. नाडी चालू आहे, काय करताय! वाद घालायला वेळ नव्हता. मावशीने पट्टा उपटला आणि लांब फेकला. आकडा गेला. डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला. मग दोघांनी आळीपाळीने छाती दाबली, मध्ये वजनकाट्यानेही दाबली, चाकं जमिनीला लागेपर्यंत. पोरगं परत आलं नाही.

टॅबच्या नोंदीत उरलं ते एवढंच: चार वाजून सतरा मिनिटांपर्यंत नाडी बहात्तर. चार सतराला पट्टा काढला. नाडी शून्य.

चौकशीला बसलेले साहेब बोटांत पेन धरून टकटक करायचे आणि प्रत्येक वाक्याला शेपूट जोडायचे. "सिस्टर, तुम्ही हात लावेपर्यंत माणूस जिवंत होता असं नोंद म्हणते. काय समजलात?"

"ती नोंद विमानाची आहे, साहेब."

शंभरटक्के हसला. "विमानाला नाडी नसते हो मॅडम!"

"बरं, ते राहू द्या," साहेब म्हणाले. "पट्टा काढल्यावर टॅबचा भोंगा, पंख्यांच्या गोंगाटातही कानात घुसेल असा बारीक, सहा मिनिटं बोंबलत होता, तुमच्या हाताशी. तो बंद का केला नाहीत? ऐकू नाही आला? काय समजलात?"

साहेबांनी चहासाठी दहा मिनिटं दिली. बाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टर तिच्यासमोर येऊन उभा राहिला, अगदी समोर, ओठ दिसतील असा. म्हणजे तिच्या कानांचं त्यालाही कळलं होतं. "म्हणजे बघा सिस्टर, गडबडीत भोंग्याकडे लक्ष गेलं नाही म्हणा. पट्टा अंदाजाने काढला म्हणा. मीही तेच सांगतो. फार तर ताकीद मिळेल. उडत तर राहाल."

अंदाज. तो शब्द कागदावर गेला की पोराच्या आईच्या हातात पडणार होता, आणि पट्टे पुढच्या महिन्यात सगळ्या विमानांत बांधले जाणार होते. आणि अंदाज म्हटलं नाही, तर कसं कळलं ते सांगावं लागणार होतं. तिने चहा घेतलाच नाही. कपावर साय धरली, तो तसाच ठेवून ती आत गेली.

"भोंगा मला ऐकू आला नाही साहेब. बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत, सहा वर्षं झाली. म्हणून मी पायांनी ऐकते. म्हणूनच कळलं."

साहेबांचं पेन थांबलं. ते तिला दिसलं.

"हे सिद्ध कसं करणार?"

"एक ओलं कांबळं द्या."

दोन दिवसांनी ढब्बू उडाला. तिसऱ्या स्ट्रेचरवर भिजवून गुंडाळलेलं कांबळं, त्याला पट्टा. आवळताना वजनकाटा म्हणाला, "कोरडं असताना अडीच किलो, भिजून सहा. पेशंटची तब्येत सुधारतेय." वीस मिनिटं झाली तरी टॅब कोराच. मावशीच्या पायांखाली धडधडच नव्हती. जमीन कशी गुळगुळीत. विमानात साहेब बसलेत म्हटल्यावर वैमानिकाने चारही पंखे परेडसारखे जुळवून धरले होते! शंभरटक्के बोटांनी शंभराचा आकडा काढून दाखवत होता.

मावशीने वजनकाट्याची बाही ओढली आणि ओठांनी सांगितलं, "वैमानिकाला सांग, साहेब झोपले."

वजनकाट्याने माइक तोंडाशी नेला. साहेब टक्क जागे, समोरच.

पाच मिनिटांत धडधड घोट्यांपर्यंत चढली. टॅबवर आकडा उमटला. चौऱ्याहत्तर. हिरवा. वजनकाट्याने कांबळ्यावर हात ठेवून मान हलवली, ताप नाही म्हणाला. कुणी हसलं नाही. साहेब उठले आणि कांबळ्यावर पंजा ठेवून बराच वेळ उभे राहिले. शंभरटक्के काहीतरी बोलला, पण तोंडावर हात ठेवून, त्यामुळे काय ते मावशीला कळलं नाही.

पट्टे खोक्यांत परत गेले. चौकशीच्या फायलीवर 'गोपनीय' शिक्का बसला, म्हणून किराणा दुकानातली बातमी जशीच्या तशी राहिली. पोराच्या आईला पत्र गेलं, आतल्या रक्तस्रावाने मृत्यू. त्यात कुणाचा अंदाज नव्हता, आणि ती हिरव्या बहात्तरची मिनिटंही नव्हती. मावशीच्या कानांची तपासणी पुन्हा झाली. या वेळी कंपाउंडरला पाठमोरं बसवलं होतं. बटणावर अंगठा ठेवून ती अठरा मिनिटं बसली आणि चार वेळा दाबलं. त्यातलं एक चुकून.

आता ती तळाच्या कोठारात आहे. चादरी, उश्या, कांबळी. माणसं खिडकीतून चिठ्ठी सरकवतात आणि तोंड फिरवून बोलत राहतात. कधी कधी हातातल्या कांबळ्याची घडी करता करता ती डबा घेऊन गेलेल्या मला मध्येच विचारते, "पाणी प्यायला किती वेळ लागतो गं?" आणि उत्तर द्यायच्या आत पुढचं कांबळं घेते.

सरकारने तिला कानाचं मशीन दिलंय. तीन महिने ते आमच्या घरी टेबलावर, खोकं न फोडता. आई रोज ओरडते, "लाव की ते एकदाचं!" मावशी म्हणते, मशीनने सांगितलेलं ऐकून मला एकदा बरं वाटलं होतं, तेवढं पुरे.

मला सगळ्यांच्या नकला येतात. साहेब, शंभरटक्के, म्हणजे-बघा, शिट्टीकाकू तर झोपेतसुद्धा. मावशी त्यांना हसते, पण अर्धा क्षण उशिरा, माझ्या भुवया बघून. म्हणून मी पैज लावली. "मी ढब्बूचा आवाज काढते. हुबेहूब निघाला तर मशीन लावायचं."

"आणि नाही निघाला तर?"

"पुन्हा विषय नाही काढणार. आईलाही काढू देणार नाही."

"आईची हमी तू देणार? बरीच मोठी झालीस की गं!"

आठवडाभर मी न्हाणीघरात दार लावून सराव केला होता. मावशीने डोळे मिटले आणि माझ्या छातीवर पंजा ठेवला. मी पोटातून घुमवला. वँव. वँव. वँव. मिनिटाला बरोबर बहात्तर, घड्याळ लावून बसवलेले. तिचा चेहरा असा काही सैल पडला की मला वाटलं, जिंकले.

तिने हात काढला. "एकच पंखा आहे."

"म्हणजे?"

"तू जोर कमीजास्त करतेस. ते तसं नसतं. न जुळणारे दोन लागतात, तेव्हा ते होतं. एका गळ्यातून नाही निघायचं ते."

"पुन्हा करू?"

सवयीने तिची दोन बोटं माझ्या मानेवर आली. तिने घड्याळाकडे बघितलं, पूर्ण मिनिटभर, एकही ठोका न सोडता.

"एकशे आठ," ती म्हणाली. "नको. ठेव ते खोकं कपाटात."

मी ठेवलं.