म्हातारपणाला मामांची हरकत

माझ्या बायकोच्या मामांइतका म्हातारपणाचा कट्टर वैरी अख्ख्या मावळात सापडायचा नाही. माणूस म्हातारा होतो तो केवळ औषध कंपन्यांच्या आळसामुळे, असं त्यांचं ठाम मत. ते स्वतः जन्मभर एका औषध कंपनीत गोळ्या तपासून निवृत्त झाले. आता वय थोपवणारं औषध कोण काढतंय, त्यात कुणी पैसा ओतला, कुणाचे उंदीर जास्त जगले, याची खबर त्यांना भाचीच्या तब्येतीआधी असते. परदेशी कंपन्यांना ते कळवतात की उंदीर पुरे झाले, आता मी तयार आहे. कुणी 'आजोबा' म्हटलं तर मागं वळून बघत नाहीत. एकदा सुरकुत्या घालवणारं महागडं मलम आणून त्यांनी पावसाळाभर फक्त डाव्या गालाला लावलं. उजवा तुलनेसाठी तसाच ठेवायचा असतो म्हणे. शेवटी आमच्या बेगडेवाडी स्टेशनाबाहेरच्या भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "मामा, तुमी अर्धंच तोंड धुता व्हय?" मामा मनापासून खूश झाले. फरक दिसतोय, याला साक्षीदार मिळाला होता.

मग लोणावळ्यातल्या एका बंगल्यात कुठल्याशा नव्या कंपनीनं म्हातारपण लांबवणाऱ्या गोळीची चाचणी काढली आणि मामांनी नाव नोंदवून गल्लीत पेढे वाटले. गोळीच्या पथ्यासाठी भात सोडला, तोही मावळात राहून. नेमके त्याच सुमारास माझे वडील गेले होते. आई खिडकीशी बसून राहायची, चार घास खाऊन ताट सारायची, ओट्याकडे फिरकायची नाही. आता माझं काय राहिलंय, एवढंच म्हणायची. डॉक्टरांना काही सापडेना. हीही आता फार दिवस राहत नाही, या भीतीनं मी धास्तावलो होतो.

एका सकाळी मामा आले आणि आईसमोर बसत म्हणाले, "विहीणबाई, मी गोळी घेणार आहे. तुलनेला माझ्याच वयाचं, गोळी न घेणारं माणूस लागतं. रोज माझ्याबरोबर चालायचं आणि पोटभर जेवायचं. तुम्ही चुकलात तर माझं सगळं मुसळ केरात."

आईला स्वतःसाठी काही करायचं नव्हतं, पण सुनेच्या मामाचं काम आपल्यामुळे अडावं हे तिच्या रीतीत बसेना. दुसऱ्या दिवशी ती चपला घालून दारात उभी. शिवाय घरी आलेल्या व्याह्याला नुसत्या चहावर वाटेला लावणं शोभत नाही, म्हणून फिरून आल्यावर ती पदर खोचून ओट्याशी लागली. इंद्रायणीचा मऊ भात, वर तूप, बाजूला मेतकूट. त्यांच्या संगतीनं तीही जेवू लागली. विहिणीचा शब्द मोडवत नाही असं पुटपुटत मामा दोनदा भात मागून घ्यायचे, आणि तिथंच मला शंका आली. उजव्या गालाला मलमाचं बोट न लावणारा हा माणूस पथ्य मोडेल कसा?

मी त्यांना रस्त्यात गाठून विचारलं.

"घेतलंच नाही हो मला, जावईबापू. म्हातारपणाच्या औषधाला मी फार म्हातारा निघालो. तुमच्याकडे आलो त्याच्या आदल्याच दिवशी कळलं. विहीणबाईंना मात्र बोलू नका. चालणं थांबेल त्यांचं."

मी बोललो नाही. आई आजही चालते, जेवते, सुनेच्या फोडणीला नावं ठेवते. माझी आई मला परत मिळाली ती या माणसामुळे, आणि त्याचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही. हल्ली आई पुढं असते आणि मामा मागं पडतात. रेल्वे फाटकाजवळच्या चढाला ते बूट बांधायचं निमित्त करून थांबतात, आणि आई त्यांच्याकडे न बघता थांबून राहते. त्या गोळीची चाचणी म्हणे अजून चालूच आहे. असल्या गोळ्यांना मी कायम हसत आलो. पण ती लवकर बाजारात यावी, असं आता मलाही वाटतं.