खळीचा ठिपका

"अंक छान झाला हो," असं कुणी म्हणालं की सेतुराव हसायचे नाहीत. चष्म्यावरून बघत विचारायचे, "कुठलं पान?" समोरचा गडबडला की संपलं. "मधलं... म्हणजे सगळंच," असं काहीतरी पुटपुटून तो काढता पाय घ्यायचा आणि सेतुराव माझ्याकडे वळून म्हणायचे, "पाहिलंस, सांगली? थाप."

सांगली म्हणजे मी. माझं माहेर तिकडचं. लग्न होऊन तंजावूरला आले त्याला वीसेक वर्षं होऊन गेली, पण सेतुमामांच्या लेखी मी अजून गाडीतून उतरलेच नव्हते. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या समोरच. वीज खात्यात मीटर तपासनीस होते. लोकांच्या मीटरची सीलं कुणी फोडली का ते बघण्यात जन्म गेला. माणूस निवृत्त झाला, नजर झाली नाही. दूधवाला उशिरा आला तर संशय, आणि वेळेवर आला तर जास्तच संशय. "सील पाहिल्याशिवाय मीटरवर विश्वास ठेवू नये," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. माणसांनाही तेच लागू.

अशा माणसाने मंडळ काढावं हेच नवल. पण काढलं. गच्चीवर वांगी, दोडके, मोगरा लावणाऱ्या इथल्या मराठी घरांचं मंडळ, अडतीस घरांचं. आणि मंडळाचं दोन महिन्यांनी निघणारं चार पानी पत्र, 'वाफा'. तेही मराठीत, देवनागरीत. तमिळमध्ये काढा असं एकाने भीत भीत सुचवलं होतं. "तमिळ वाचायला बसच्या पाट्या आहेत की," एवढं बोलून मामांनी त्याला गप्प केलं. मंडळात येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी विचारत, "मराठी वाचतां येतं ना?" आणि प्रत्येक जण छातीठोकपणे म्हणे, "येतं की!"

पत्र चालवणं म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. लेख देतो म्हणणारे पन्नास, देणारा एक नाही. मामा फोन करकरून माणसाला जेरीस आणायचे. मग तो माणूस अर्धं तमिळ, अर्धं मराठी मिसळून मोगऱ्यावरच्या किडीबद्दल फोनवर बोलायचा, मामा ते उतरवून घ्यायचे, मी संगणकावर टंकायचे. चौथ्या पानावरचा 'संपादकाचा कोपरा' मात्र ते स्वतः हाताने लिहायचे. मी टंकताना त्यांचे शब्द मऊ करीन असा त्यांना संशय होता. संशय रास्तच होता म्हणा. त्या कोपऱ्यात नुसती फटाक्यांची माळ असायची: अमक्याने बी नेलं आणि रोप परत दिलं नाही, तमक्याने लेख देतो म्हणून तोंड लपवलं. मग झेरॉक्स काढायची, घड्या घालायच्या, आणि स्कूटरवरून घरोघर वाटायचं. गावाबाहेरच्यांना पोस्टाने.

आता एक कबुली देते. त्या अडतीस घरांपैकी छत्तीस घरांत कुणालाही देवनागरी वाचता येत नव्हती. बोलतात मराठी, स्वप्नं मराठीत पडत असतील, पण शाळा तमिळ आणि इंग्रजी. "येतं की" ही सरसकट थाप होती. वाचणारी एक मी, आणि दुसऱ्या जवळच्याच पापनाशम गावच्या अंबुजाक्का. त्यांना वडिलांनी लहानपणी पोथी वाचायला शिकवलं होतं. अंक हातात पडला की अक्का तो मोबाइलवर मोठ्याने वाचायच्या आणि त्यांचा आवाज मंडळाच्या ग्रूपवर जायचा. या ग्रूपमध्ये सगळे होते. मी होते. फक्त सेतुमामा नव्हते. लाज वाटायची हो सगळ्यांना. आपली भाषा आपल्याला वाचता येत नाही, हे त्या माणसाला कोण सांगणार?

पण मीटर तपासणारा तो. वास आलाच. कुणालाही पान विचारावं तर सांगता येत नाही, आणि तरी किडीवरचं औषध मात्र बरोबर फवारलेलं! एकदा वाटप झाल्यावर पंधरा दिवसांनी ते माझ्याकडे आले, चेहरा उतरलेला.

"घडीच्या आंत मी खळीचा ठिपका लावला होता. तांदळाची खळ. अंक उघडला तर ठिपका तुटणार."

"मला नाही सांगितलंत?"

"तुज सांगितलं असतं तर तूच बातमी फोडली असतीस." खोटं कशाला बोलू, फोडली असतीच. "बावीस घरं फिरलों. रोपं बघायला आलों म्हणून. सगळीकडे कॉफी घेतली आणि अंक बघितला. बावीस ठिकाणीं ठिपका शाबूत."

मी मान खाली घातली. तिथल्या तिथे सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण छत्तीस घरांची लाज माझ्या एकटीच्या तोंडातून कशी काढायची? मी म्हटलं, "लोकांना वेळ नसतो मामा." ते माझ्याकडे असं बघत राहिले, जसे एखाद्या मीटरकडे बघत असतील.

पुढच्या अंकाचा कोपरा दोनच ओळींचा होता. "हा शेवटचा अंक. न वाचणाऱ्यांना कळण्याचं कारण नाही." या वेळी पापनाशमचा अंक पोस्टात टाकून दोन दिवसांनी त्यांनी गावातलं वाटप केलं, प्रत्येक घडीत पुन्हा ठिपका. घड्या घालताना मी वाचलं आणि नेहमीप्रमाणे गप्प बसले. माझा भित्रेपणा, दुसरं काय!

वाटपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या दारात ही गर्दी! मोटर वाइंडिंगचं दुकान असलेला प्रताप पुढे. "अण्णा, असं काय म्हणून करतां? अंक बंद करूं नका."

मामा पायरीवर उभे. त्यांनी हात पुढे केला. "तुझा अंक आण."

प्रतापने आणला. मामांनी घडी उजेडात धरली. ठिपका शाबूत. दुसऱ्याचा मागितला, तोही शाबूत. मग अगदी हळू विचारलं, "अंक उघडला नाहीं. तर बंद होतोय हें तुज कळलं कसं?"

अय्यो! सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि शेवटी मीच सांगितलं. ग्रूप, अक्का, आवाज, सगळं. मामा ऐकत होते. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तूं पण त्यांत?" बस, एवढंच. त्या तीन शब्दांनी मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"सरी, बरं," ते पुढे म्हणाले, "मग अडतीस कशाला? दोन प्रती काढूं. एक अक्कांना, एक हिला."

तेव्हा प्रताप बोलला. "नको अण्णा. ऐकायास अक्का आहेत. पण घरांत आपलीं अक्षरें असलीं पाहिजेत. आमच्याकडे अंक देवापाशीं ठेवतात. वाचतां येत नाहीं म्हणून उघडत नाहीं, घडी मोडेल."

मामा आत निघून गेले. लोक तासभर बाहेर उभे होते. पण दोन महिन्यांनी 'वाफा' निघाला, अडतीस प्रती.

म्हणून संशय गेला म्हणता? छे! आता ते ग्रूपमध्ये आले आणि अक्का वाचत असताना अंक हातात धरून ओळ न् ओळ पडताळू लागले. पहिल्याच वेळी माझ्यासमोर स्पीकरवर फोन. "अक्का, कोपऱ्यांतलीं चार वाक्यं कोठें गेलीं?"

"तीं तुम्ही रागांत लिहिलीं होतीं," अक्का म्हणाल्या. "माझ्या तोंडून निघालीं नाहींत. आजवर कधींच निघालीं नाहींत."

म्हणजे इतकी वर्षं त्यांची एकही शिवी कुणापर्यंत पोचली नव्हती! मी अंक स्वतः वाचायचे, त्यामुळे अक्कांचं वाचन कधी नीट ऐकलंच नव्हतं. मी हसू दाबत होते. मामा मात्र विचारात पडले. त्यानंतर त्यांनी तोडगा काढला. राग लिहायचं सोडलं नाही, पण अक्कांच्या प्रतीवर तेवढ्या मजकुराला लाल पेन्सिलीने चौकट करून बाजूला लिहायचे, 'हें वाचूं नये.' लिहिल्याशिवाय राहवत नव्हतं आणि आता कुणाला दुखवायचंही नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात सेतुमामा गेले. सकाळी गच्चीवर पाणी घालताना खाली बसले, ते बसलेच. अंक तयार होता. अक्कांचा आदल्या दिवशीच पोस्टात पडलेला, बाकीचा गठ्ठा घड्या घालायला माझ्या घरी. दिवसकार्य झाल्यावर मी तो सोडला आणि पहिल्यांदा चौथं पान वाचलं.

"अडतीस घरांनीं मला फसवलं असं मी बोललों. खरं असं कीं मी त्यांच्या घरीं खळ बघायला जात होतों आणि ते मला कॉफी देत होते. एकानेंही पातळ दिली नाहीं. एवढीं माणसं माझ्या नजरेंत कमी पडूं नयेत म्हणून थापा मारत होतीं आणि मी ठिपके मोजत होतों. हें मला तोंडानें म्हणतां येत नाहीं. म्हणून इथें लिहितों. इथें कोणी वाचत नाहीं."

मी तशीच रडत बसले. मग अक्कांना फोन केला.

"अक्का, कोपरा वाचलात?"

"वाचला. लाल चौकट आहे त्यास. वाचूं नये म्हणून लिहिलंय." त्या पुढे म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचा शब्द मज मोडवत नाहीं, बाळ."

"हो अक्का."

"तुझ्या अंकावर चौकट आहे काय?"

मी पाहिलं. नव्हती.

"मग तुझा घेऊन ये," अक्का म्हणाल्या. "त्यांतून वाचतें."